रॉकेट आणि तिचे घाईचे मालक

प्रल्हाद वर्तकांकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते २००७ च्या पालकसभेत. त्यांची मुलगी अनन्या माझ्या चौथीच्या वर्गात होती. वाचताना ती एकेका शब्दापाशी थांबायची, त्याच्याकडे नीट बघायची आणि मगच पुढे जायची. मी हे सांगत होते तेव्हा वर्तकांनी दोन मोबाइल टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते आणि कोणता आधी वाजतो याची ते वाट बघत होते.

“ओके मॅडम, स्लो आहे. मग टाइमलाइन काय?”

“कशाची?”

“फ्लुएंट कधी होईल? डिसेंबर? मार्च?”

“वाचेल ती. तिच्या वेळेने वाचू द्या.”

“आमच्या फील्डमध्ये असं चालत नाही, मॅडम.”

शेजारी त्यांची पत्नी अपर्णा खाली मान घालून पर्सची चेन उघडझाप करत होती.

त्यांचं फील्ड म्हणजे अजून खोदायलाही न घेतलेल्या इमारतींमधले फ्लॅट विकणं. ब्रोशरमध्ये निळं तळं आणि हसरी कुटुंबं, जागेवर गेलं तर वाळू आणि एक फलक. नसलेल्या गोष्टी विकून ज्याचं उत्तम चालतं, त्याला असलेल्या गोष्टींसाठी थांबणं जड जातं, असं माझं तेव्हा मत झालं. ते अजून बदललेलं नाही.

माणूस वाईट नव्हता, हेही लिहायला हवं. इथे अमिरातीत, खलिफा सिटीत ते आमच्या समोरच्याच व्हिलात राहायचे. माझ्या यजमानांना कावीळ झाली तेव्हा वर्तकांनी तीन आठवडे रोज उसाचा रस आणून दिला, आठवणीने बर्फ न घालता. फक्त रस हातात देईपर्यंत गाडीचं इंजिन कधी बंद केलं नाही.

२००८ च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे सलुकी आली. सलुकी म्हणजे इथल्या अरबांची शिकारी कुत्री. उंच पाय, आत गेलेलं पोट, लांब तोंड. पूर्वी सशांमागे सोडायचे. आता शिकार बंद आहे, म्हणून ओढत नेलेल्या कातड्यामागे पळवतात. बू सैफ नावाचे एक वयस्क अमिराती गृहस्थ वर्तकांचे ग्राहक होते. त्यांच्या बैठकीत वर्तकांनी सांगून टाकलं की मला लहानपणापासून शिकारी कुत्र्यांचा नाद आहे. (लहानपणी कोथरूडमध्ये कुत्रं दिसलं की हे रस्ता ओलांडायचे, असं अपर्णाने मला नंतर सांगितलं.) बू सैफनी तीन महिन्यांचं पिल्लू उचलून त्यांच्या मांडीवर दिलं. ही माणसं आपली सलुकी विकत नाहीत, देतात.

वर्तकांनी तिचं नाव रॉकेट ठेवलं. त्याहून कमी काही चाललं नसतं. चामड्याचा पट्टा आणला, “चारशे दिरहम, म्हणजे आपले पाच हजार,” असं सगळ्या गल्लीला सांगितलं. आणि रॉकेट सोफ्यावर झोपली. खाल्लं की झोपायची, उठली की खिडकीतून कबुतरांकडे बघायची. पळायची नाही.

मग वर्तकांनी ते केलं जे फक्त आपल्याकडचा मॅनेजरच करू शकतो. त्यांनी तिची एक्सेल शीट बनवली. अपर्णाने मला ती दाखवली होती. ‘आठवडा सहावा: टार्गेट तीनशे मीटर, अचीव्ह्ड शून्य.’ शून्याचा चौकोन लाल. शेवटच्या रकान्यात शेरे होते: ‘अॅटिट्यूड’, ‘फोकस नाही’, आणि एका ठिकाणी ‘लास्ट वॉर्निंग’.

“कुत्रीला वाचता येतं का?” मी विचारलं.

“तिला नाही येत,” अपर्णा म्हणाली, “म्हणून ते मोठ्याने वाचून दाखवतात.”

बू सैफच्या शेतावर इद्रीस नावाचा बलुची गडी तीस वर्षं सलुकी सांभाळत होता. तो महिन्यातून एकदा पिल्लू बघायला यायचा. तो वर्तकांना म्हणाला, “साहब, ये देर वाली है. इसकी माँ भी देर वाली थी. दो साल गिनो.” मोठ्या कुत्रीबरोबर हिला माळावर न्यायचं, बसायचं, बघू द्यायचं आणि दमायच्या आत घरी आणायचं, एवढीच त्याची पद्धत होती. हाक मारायची नाही. कातडं रोज दाखवायचं नाही. वर्तक हसले, एखाद्याने भलताच भाव सांगितल्यावर हसतात तसे.

तेवढ्यात मंदी आली. नोव्हेंबरात फोन वाजायचे थांबले, डिसेंबरात ब्रोशरमधल्या तळ्यांना कोणी विचारेना, जानेवारीत वर्तकांच्या हातात पत्र पडलं. व्हिसा रद्द झाल्यावर देश सोडायला तीस दिवस. ते बू सैफकडे गेले. शेतावर मॅनेजर म्हणून घ्या, म्हणाले. बू सैफ जुन्या पिढीतले, हिंदी बोलणारे.

“पहले सलुकी लाओ. हम सलुकी देखेगा, बाद में तुमको देखेगा.”

याचा अर्थ वर्तकांनी असा घेतला की रॉकेट जोरात पळाली पाहिजे. दुसरा काही अर्थ असू शकतो, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. दोन आठवडे त्यांनी तिला पजेरोच्या बाजूने पट्ट्याला बांधून खडीवर पळवलं. तिच्या तळव्यांना भेगा पडल्या, तर म्हणाले, “सॉफ्ट आहे,” आणि बँडेज बांधून पुन्हा पळवलं. शेवटी शेवटी त्यांनी गाडीची किल्ली उचलली की रॉकेट डायनिंग टेबलाखाली जाऊन बसायची. मी एकदा अडवलं. “मॅडम, वेळ नाहीये,” म्हणाले. वेळ त्यांच्याकडे नव्हता. भेगा तिच्या पायांना होत्या.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी शेतामागच्या माळावर आम्ही सगळे जमलो. अपर्णाने सोबत म्हणून मला नेलं होतं. वर्तकांच्या जुन्या ऑफिसातला निखिलही आला होता, त्याचीही नोकरी गेलेली. बू सैफच्या तीन सलुकी सुटल्या आणि धुळीच्या पलीकडे गेल्या. मग वर्तकांनी रॉकेटचा पट्टा काढला. ती चार पावलं चालली, इकडेतिकडे बघितलं, आणि पंजे पोटाखाली घेऊन बसली.

“रॉकेट, गो. गो, यल्ला,” वर्तक टाळ्या वाजवत म्हणाले. त्यांनी शिट्टी वाजवली, बिस्किट दाखवलं, शेवटी तिच्यापुढे स्वतःच पाचपन्नास पावलं पळून दाखवलं. कडक इस्त्रीचा शर्ट आणि ऑफिसचे बूट घालून.

“सर, आपल्या टॉवरसारखंच झालं,” निखिल म्हणाला. “लाँच झालं, पझेशन नाही.”

बू सैफ हसले नाहीत. ते आपल्या पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यासकट धुळीत बसले. रॉकेटचा एक पंजा उचलून बघितला, मग दुसरा, मग तिसरा, चौथा. उठले आणि पट्टा इद्रीसच्या हातात दिला.

“खलास.”

“एक महिना और दो,” वर्तक म्हणाले. “शी विल परफॉर्म.”

“इसको देगा. जितना माँगेगा, देगा. तुमको क्यों देगा?”

तीस दिवसांपैकी अकरा उरले होते. पुण्यात जाऊन काय सांगायचं, हा प्रश्न वर्तकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होता. त्या क्षणी मला त्यांची कीव आली नाही. मी कुत्रीच्या पायांकडे बघत होते.

बोलली ती अपर्णा. त्या घरात वर्षानुवर्षं पर्सची चेन ओढत बसलेली बाई पुढे झाली आणि म्हणाली, “इनको इद्रीसभाई के नीचे रख लो. बस, बोलने मत देना.”

बू सैफ तेव्हा हसले, पोट धरून. आणि ठेवून घेतलं. मॅनेजर म्हणून नव्हे, मजूर म्हणून. मार्चमध्ये अनन्याची परीक्षा संपली आणि मायलेकी पुण्याला गेल्या. वर्तक शेतावरच्या एका खोलीत राहायला गेले.

इद्रीसने अपर्णाचं म्हणणं शब्दशः घेतलं. एक वर्ष रॉकेटशी बोलायचं नाही, नावाने हाक मारायची नाही. मांस उकडायचं, दुधात खजूर भिजवायचा, पंजांना तेल लावायचं, आणि माळावर तिच्यापासून वीस पावलांवर बसायचं. वर्तक दर शुक्रवारी मला फोन करून तक्रार करायचे.

“मॅडम, आज पण काही केलं नाही.”

“छान.”

“कसलं छान? माझं एमबीए आहे.”

माणूस सुधारला, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. दुसरीकडे कोणी घेत नव्हतं, म्हणून ते बसले. पुण्यात अनन्या सहावीत गेली आणि सुट्टीत जाडजूड पुस्तकं वाचू लागली. अपर्णाने हे फोनवर सांगितलं, तर त्यांनी विचारलं, “किती पानं?”

२०१० च्या नोव्हेंबरात एका सकाळी वाऱ्याने एक काळी प्लास्टिकची पिशवी माळावरून निघाली. रॉकेटसोबत आणलेली म्हातारी कुत्री मान वर करून नुसती बघत राहिली. रॉकेट उठली. आणि मग, वर्तकांच्याच शब्दांत सांगायचं तर, जागेवर होती आणि जागेवर नव्हती. पिशवी तोंडात धरून ती परत आली ती इद्रीसकडे नाही, वीस पावलांवर बसलेल्या माणसाकडे. त्याच्या पायाशी पिशवी टाकून ती झोपली.

त्याच सकाळी वर्तकांचा फोन आला.

“पळाली, मॅडम. मी नुसता बसलो होतो.”

क्षणभर मला तो माणूस खरंच आवडला.

मग त्यांनी नाक ओढलं. “म्हणजे माझी मेथड चालली.”

“मेथड इद्रीसची होती.”

“तेच म्हणतोय. टीमवर्क.”

बू सैफनी त्यांना ठेवलं ते ठेवलंच. इद्रीस गुडघ्यांमुळे गावी परत गेला. आता शेतावर कोणी नवा माणूस आला की वर्तक त्याला धीर म्हणजे काय ते नऊ मुद्द्यांत समजावतात, आणि मध्ये कोणी प्रश्न विचारला तर घड्याळाकडे बघतात. कुत्र्यांशी मात्र अजूनही बोलत नाहीत.

आज ते तिथे अकरा सलुकी सांभाळतात. जुलैत ऊन इतकं असतं की कुत्र्यांना बाहेर काढता येत नाही. तेव्हा ते तीन आठवडे पुण्याला, बायको-मुलीकडे जातात.