धपाट्यांवरची चमकी

थोरली लेक जूनपासून लातूरला होस्टेलमध्ये आहे. अकरावी-बारावी आणि डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी, दोन्ही तिथंच. क्लास आमच्या नांदेडलाही आहेत, पण लातूरची गोष्ट वेगळी, असं सगळे म्हणतात आणि मीही म्हणत होतो. जायचं का, असं मी तिला विचारलं होतं. ती हो म्हणाली. मात्र विचारण्याआधीच मी होस्टेलची खोली बघून, तिचं नाव नोंदवून आलो होतो. हे तिला माहीत होतं की नाही, ते मला आजही माहीत नाही.

होस्टेलमध्ये मोबाइल चालत नाही. रविवारी सकाळी मुली रेक्टर मॅडमच्या फोनवरून घरी बोलतात. थोरली दर रविवारी एकच सांगायची, "बरं आहे, पप्पा." जेवण कसं आहे, तर बरं. झोप लागते का, तर बरी लागते. घरात असताना तिला एक प्रश्न विचारला तर दहा उत्तरं यायची. त्यामुळं ते 'बरं आहे' ऐकलं की मला वाटायचं, पोरगी आपल्यावर रागावली आहे आणि तसं बोलून दाखवत नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणायची, "तुम्हाला सगळ्यातच तुमची चूक दिसते."

असंच ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी बारकी म्हणाली, "पप्पा, ताईला कार्ड करून पाठवायचंय. सामान आणून द्या." बारकी आठ वर्षांची. मी ऑफिसातून आलो तसाच तिला गाडीवर बसवून श्रीनगर भागातल्या स्टेशनरीच्या दुकानात घेऊन गेलो.

तिला काय हवं ते तिला नीट ठाऊक होतं. जाड कागद, ग्लू स्टिक आणि बोथट टोकाची कात्री. स्केचपेन घरी होतेच. पण मला तेवढ्यावर थांबवेना. थोरलीला लांब ठेवल्याची भरपाई मी बहुतेक बारकीला सामान घेऊन करत होतो. नागमोडी कापणारी कात्री घेतली, फुलाच्या आकाराचं पंच घेतलं, घोटीव कागदाचं पाकीट घेतलं. बारकी मधूनमधून म्हणत होती, "एवढं कशाला पप्पा?" दुकानदार हसून म्हणाला, "लेकरू नको म्हणून राहिलं न् बाप घेऊन राहिला. उलटंच बघितलं आज."

शेवटी माझी नजर चमकीच्या बाटल्यांवर गेली. सोनेरी, रुपेरी, लाल, अगदी बारीक पूड. मी सोनेरी उचलली. तेव्हा मात्र बारकी काही बोलली नाही. तिलाही ती आवडली असावी.

शनिवारी सकाळी बायको धपाटे करत होती. माझे एक सहकारी औशाचे आहेत. ते दर शनिवारी लातूरवरूनच गावी जातात आणि जाताजाता आमचा डबा होस्टेलच्या गेटवर देतात. बारकीनं स्वयंपाकघरातच फरशीवर बसून कार्ड केलं. वर आमचं घर, दारात चौघं, आणि घराच्या छपराला सगळीकडं गोंद लावून त्यावर चमकी.

"हे डब्यात ठेवा," ती म्हणाली. "ताईनं झाकण उघडलं की पहिल्यांदा हेच दिसलं पाहिजे."

मला ते फार पटलं. दुमडू नये म्हणून मी कार्ड सपाट, धपाट्यांवर टाकलेल्या पातळ कागदावर ठेवलं आणि झाकण दाबून बसवलं. सहकारी गाडी घेऊन दारात उभेच होते.

दुपारी जेवायला बसलो तर ताटातला धपाटा चमकत होता. घरच्यासाठी ठेवलेल्या धपाट्यांवर, तव्याच्या कडेला, दह्याच्या भांड्यावर, सगळीकडं सोनं. बायकोनं बारकीकडं बघितलं.

"गोंद वाळला होता ना?"

"नव्हता," बारकी म्हणाली. "पप्पांनी घाई केली."

बायको शांतपणे म्हणाली, "छान. एका लेकराला कार्डवर चमकी, दुसऱ्याला धपाट्यावर."

मी हात धुतले आणि सहकाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, डबा कधीच दिला, आता औशात पोचलो. होस्टेलला फोन केला. रेक्टर मॅडमनीच उचलला. धपाट्यांत चमकी गेली आहे, हे एका मॅडमला कसं सांगायचं? तरी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुली क्लासला गेल्यात. आल्या की सांगते. डबे तर त्या डब्बल भूक असल्यासारखे संपवतात, बघा."

हे ऐकून धीर येण्याऐवजी तो गेला. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन विचारून आलो. दुकानवाले म्हणाले, चिमूटभर गेली असेल तर घाबरू नका, पोट दुखलं तर डॉक्टरला दाखवा. माझ्या डोक्यात पोट दुखलंच होतं. सोमवारी तिची चाचणी होती. तिला तिकडं पाठवलं मी, आणि आता तिथं आजारीही पाडणार मीच.

रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी तो हातात घेऊनच बसलो होतो.

"पप्पा, धपाट्यांवर काय टाकलं होतं?"

"तू खाल्लेस का?"

"वरचे काढले. त्यांच्यावर लई होती. खालचे साफ होते, ते खाल्ले सगळ्या मिळून. पण कार्ड उघडलं तशी ती चमकी माझ्या पलंगावर, उशीवर, माझ्या मैत्रिणीच्या वह्यांवर. सगळ्या खोलीत झाली, पप्पा. मॅडम तुमच्या फोनचं सांगायला आल्या आणि म्हणल्या, हेच का ते चमकीवाले पप्पा?" मागून मुलींच्या हसण्याचा आवाज आला. "आता मला इथं सगळ्या चमकीवाल्या पप्पांची म्हणून राहिल्यात."

ती बोलत होती. एक प्रश्न विचारला होता आणि उत्तरं थांबत नव्हती. मैत्रीण इस्लापूरची आहे, रात्री झोपेत बोलते. भाजीत मीठ नसतं म्हणून सगळ्या लोणचं लपवून ठेवतात. कार्डातले पप्पा बारकीनं लई जाड काढलेत, पण बरोबर आहेत. मी नुसतं हं हं करत होतो. शेवटी विचारलंच, "करमतं का ग तिथं?"

"आता करमतं. आधी नव्हतं करमत. तेव्हा जास्त बोलले असते तर रडू आलं असतं. मागं सगळ्या रांगेत उभ्या असतात. म्हणून बरं आहे म्हणायचे."

"मला वाटलं, तू माझ्यावर रागावलीस."

"तुमच्यावर? कशाला?"

तिला विचारण्याआधीच खोली ठरवल्याची गोष्ट सांगायची होती, पण मागून कुणीतरी "आवर की" म्हणालं आणि ती घाईनं म्हणाली, "पप्पा, पुढच्या डब्याबरोबर कार्डाचं सामान पाठवा. इस्लापूरवालीचा वाढदिवस आहे. जाड कागद, ग्लू स्टिक, दोन-तीन स्केचपेन. कात्री मॅडमकडं आहे. बाकी काही नको."

फोन ठेवल्यावर मी कालचे धपाटे काढायला सांगितले. वरवर पुसून, झटकून, दह्याबरोबर दोन खाल्ले. थोडी चमकी माझ्याही पोटात गेली असेल.

संध्याकाळी बारकीला घेऊन त्याच दुकानात गेलो. जाड कागद निवडायला मी बराच वेळ लावला. बोट फिरवून बघितलं, दुमडून बघितलं. डॉक्टर होण्यासाठी पाठवलेली माझी पोरगी तिथं कागद कापून कार्ड करणार होती, आणि त्यासाठीचा कागद मी निवडत होतो. जून महिन्यापासून इतकं हलकं काम हाताला लागलं नव्हतं. दुकानदारानं सवयीनं चमकीची बाटली पुढं सरकवली.

"ती नको," बारकी म्हणाली. "आमच्याकडं ती धपाट्यांवर टाकतात."

पुढच्या शनिवारी सहकाऱ्यांच्या हातात मी दोन पिशव्या दिल्या. त्यांनी विचारलं, "दोन कशाला?"

"एक खायची, एक न खायची," मी म्हणालो.