स्वयंपाकघरात शिजलेला स्तन

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रोह्यातल्या एका सभ्य घराच्या स्वयंपाकघरात एक स्तन शिजवण्यात आला, आणि तो कोणाचाही नव्हता.

त्याला फॅन्टम म्हणतात. स्तनातली गाठ एमआरआयच्या चित्रात नीट दिसते का, हे आधी अशा नकली अवयवावर तपासायचं. मुंबईत मी संशोधनाला होते. सरांनी मिनतवाऱ्या करून एका रुग्णालयाच्या यंत्रावर एक तास मिळवला होता. फॅन्टम फसला तर काम दुसऱ्या मुलीकडे जाणार, हे त्यांनी हसत सांगितलं होतं. मला हसू आलं नव्हतं.

साच्यासाठी पेणला गेले. गणपतीच्या कारखान्यात म्हातारे मूर्तिकार काका सोंडेला पाणी लावून हात फिरवत होते.

"काय गो, कसला साचा पायजे?"

"गोल," मी म्हटलं. नेमका शब्द काही तोंडातून निघेना. हातांनी हवेत आकार दाखवला, तोही अंगापासून शक्य तेवढा लांब.

"पुढं आलेला? खाली भरलेला?"

"व्हय."

"मग लाजतंस कशाला? पोट पायजे म्हन ना."

त्यांनी फळीवरून एक जुना साचा काढून दिला. आत मधोमध मण्याएवढा फुगवटा होता. प्लास्टरचा कण चिकटला असेल, असं मला वाटलं. मान वर करायची हिंमतच नव्हती.

रोह्याला घरी येऊन जेलीसाठी वापरतात ते चायना ग्रास उकळलं, त्यात वनस्पती तूप घोटलं. गाठीसाठी त्याचाच वाटाण्याएवढा घट्ट गोळा केला आणि त्यात मोरचूद घातलं, म्हणजे चित्रात तो वेगळा उठून दिसतो. सुपारीवर फवारायचं मोरचूद चुलीजवळ बघून आईने सगळी भांडी अंगणात नेली. "त्या पातेल्यात आता तूच जेव," म्हणाली.

सकाळी साचा उघडला. सगळं सुरेख होतं, फक्त टोकाला एक सुबक खळगा. मग डोक्यात प्रकाश पडला. साच्यातला तो फुगवटा प्लास्टरचा कण नव्हताच. काकांनी मला बाप्पाचं पोट दिलं होतं, बेंबीसकट.

दुसरा बनवायला वेळ नव्हता. उरलेलं मिश्रण खळग्यात भरून चमच्याच्या पाठीने सारखं केलं, आणि प्लास्टिकचा डबा मांडीवर घेऊन एसटीत बसले. वडखळच्या खड्ड्यांत प्रत्येक धक्क्याला माझा जीव डब्यात जात होता. रुग्णालयात सर वाट बघत होते. मी झाकण उघडलं, तर बुजवलेला तुकडा सुटून कोपऱ्यात पडलेला. तेवढ्यात तंत्रज्ञाने फॅन्टम उचलून यंत्रात ठेवलासुद्धा.

यंत्र धडधडायला लागलं. माझंही तेच चाललं होतं. पडद्यावर पहिलं चित्र आलं. वाटाणा लख्ख दिसत होता. मी श्वास सोडला, तोच रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरांनी खळग्यावर पेन टेकवलं.

"त्वचा आत ओढली गेलेली आहे. कॅन्सरच्या गाठीत अगदी अशीच खळी पडते." ते सरांकडे वळले. "एवढा बारकावा मी कुठल्याच फॅन्टममध्ये पाहिला नाही. कुठल्या पेशंटवरून घेतला?"

सरांची छाती फुगली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक बरंसं खोटं जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. पण घाबरले की माझी पुस्तकी मराठी पळून जाते.

"पेशंट नाय हो साहेब, पेनच्या गनपतीची बेंबी हाय ती."