ओटीतला नारळ

मुलांनो, तुमच्या आईच्या गर्भाशयात गाठी निघाल्या आहेत. गोळ्या घ्यायच्या की शस्त्रक्रिया करायची, असं डॉक्टरांनी तिला विचारलंय, म्हणून हे आज लिहिते.

काल शेजारच्या नव्या सुनेची ओटी भरली. तिने नारळ पोटाशी धरला आणि मला माझा आठवला. गाठी मलाही होत्या. सासूबाईच डॉक्टरांना म्हणाल्या, "एक मुलगी आहे ना, आता पिशवी काढूनच टाका." मला दुसरं मूल हवं होतं. मला कुणी विचारलं नाही.

नंतर माहेराहून निघताना आईने ओटी भरली आणि सवयीने म्हणाली, "पुन्हा पाळणा हलू दे गं." मग तिचा हात नारळावरच थांबला. ओटीचा नारळ मला आजही जड लागतो.

ती एक मुलगी म्हणजे तुमची आई. ती आहे, आणि या वेळी उत्तर ती स्वतः देणार आहे.