कोणी हात लावायचा नाही

इथे आखातात, गाला नावाच्या औद्योगिक भागातल्या वर्कशॉपमध्ये जवसाच्या तेलाचा वास आला आणि माझं डोकं पुन्हा तापलं. माझा नवरा फ्रान्सिस तिथे एका कॅफेसाठी फ्रान्समधल्या जुन्या लाकडी घराची नक्कल बनवतोय.

तसलं खरं घर आम्ही बऱ्याच वर्षांपूर्वी तिकडच्या एका गावात पाहिलं होतं. उन्हात तापलेल्या तुळयांना हाच वास येत होता. लोक भिंतीला खुशाल रेलून फोटो काढत होते. फ्रान्सिसने सुताराच्या सवयीने एका खांबावर टकटक केलं आणि कान लावला. लाकूड आतून भरीव आहे का, ते तो असंच बघतो.

"शेकडो वर्षं झाली गं, अजून ठणठणीत!" तो हरखून म्हणाला.

तेवढ्यात मालक ओरडत बाहेर आला आणि कावळा हाकलावा तसं त्याने फ्रान्सिसला हाकललं. रेललेल्यांना मात्र चकार शब्द नाही. फ्रान्सिस "सॉरी, सॉरी" म्हणत मागे सरला.

"जाऊ दे गं, त्याचं घर," तो आजही म्हणतो. का म्हणून जाऊ देऊ?

इतक्यात कॅफेचा मॅनेजर आला. "यल्ला, चला, यावर लावायला एक बोर्डपण बनवा: कोणी हात लावायचा नाही."

फ्रान्सिसने मान डोलावली. मी मात्र उठले आणि मॅनेजरच्या डोळ्यांदेखत त्या नकली घराच्या एका खांबावर दणादण ठोकलं.

"भरीव आहे," मी म्हणाले. "माझ्या नवऱ्याने बनवलाय."