सगळीकडे एकशेवीस

आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांचा एकच नियम होता: ज्याच्यावर विश्वास आहे त्याचं काम आधी तपासायचं. बत्तीस वर्षं ते हातोडीने काँक्रीट ठोकून आवाज ऐकत आले होते. घरच्या भिंतीही ठोकत.
"एक दिवस माझं डोकं ठोकाल," काकू म्हणायच्या.
"ठोकलंय. भरीव आहे."

त्या दिवशी त्यांचा संशय जावयावर होता. जावई आमच्यातच नोकरीला. पुलाच्या स्लॅबमधल्या सळया गंजल्यात का, हे स्लॅब न उखडता मोजायचं त्याचं पहिलं स्वतंत्र काम. अहवालावर काकांची सही झाली की उद्यापासून जड ट्रक सुरू.

सगळ्या जागांचे मिलिव्होल्टमधले आकडे होते उणे एकशेवीस, एकशे अठरा, पुन्हा एकशेवीस. म्हणजे गंज नाही.
"जावईबापू, पूल बांधलाय की साच्यातून काढलाय?"
"मोजलं तेच लिहिलंय, बाबा."
"खुर्चीत बसून?"
जावयाचे कान लाल झाले. मी उगाच फाईल चाळत बसलो.

काकांनी आम्हा दोघांना पुलावर नेलं आणि हातोडी मारत निघाले. मधल्या खांबावरच्या स्लॅबचा आवाज बद्द, पोकळ आला.
"इथे मोज. माझ्यासमोर."
जावयाने ओल्या स्पंजवर मीटरची नळी टेकवली. एकशेवीस!

म्हणजे पोरगा खोटं बोलत नव्हता. पण काकांच्या कपाळावरची आठी आणखी खोल गेली. ते मीटरच्या वायरीमागे चालत सुटले. दुसऱ्या टोकाचा चिमटा कठड्यातल्या उघड्या सळईला लावलेला होता. स्लॅब खणायला नको म्हणून जावयाने हाताशी आली ती सळई धरली होती. कठडा मागाहून बसवलेला. त्याची सळई स्लॅबमधल्या सळयांच्या जाळीला कुठेच भिडत नव्हती. नळी कुठेही टेकवा, मीटर त्या एकाच सळईची खुशाली कळवत होता.

वीतभर जागा खणून चिमटा जाळीला लावला. उणे चारशे दहा. पुढे चारशे तीस. उणे साडेतीनशेच्या पुढे गेलं की गंज जवळपास नक्की.

जावयाने दोन्ही आकडे वहीत लिहून घेतले.
"तुला खोटारडा ठरवलं, तो माझा गाढवपणा," काका म्हणाले. मग कठड्यातल्या सळईकडे बोट दाखवलं. "हा तुझा."
"घरी सांगणार?"
"माझा आधी सांगेन."

ट्रक बंदच ठेवावेत, असं जावयाने स्वतःच्या हाताने लिहिलं. काकांनी सही केली; पण नव्या जागी लावलेल्या चिमट्याचा फोटो मागवून, तो मोठा करून बघितल्यावरच.