मधल्या भिंतीतली तार

तो माणूस मानसरोवर वसाहतीतल्या आमच्या घरी एकदाच आला. माझ्या आणि शेजारी एकट्या राहणाऱ्या बाबांच्या घरातलं इंटरनेट जोडायला. भिंतीला भोक पाडण्याआधी तो बोटाच्या पेराने ठोकून, कान लावून ऐकायचा. कशालाही हात लावण्याआधी विचारायचा.

त्याआधी बाबा बाथरूममध्ये पडले होते आणि दोन तास कुणाला कळलं नव्हतं. म्हणून मी माझ्या घरासारखेच त्यांच्याकडेही कॅमेरे बसवले होते. त्या सगळ्यांचं चित्र मला माझ्या घरून दिसायला हवं होतं.

"मी काय कैदी आहे?" बाबा ओरडले.

"भैया, आप जोड़ दो," मी त्या माणसाला म्हणालो.

त्याने पक्कड खाली ठेवली. "घर इनका है. पहले ये बताएँगे."

मला राग आला. तो बाबांसमोर उकिडवा बसला. "बाबूजी, तार जाएगी, पर दोनों घर का नेट अलग रहेगा. जितना आप कहोगे, उतना ही उधर दिखेगा."

बाबा म्हणाले, "हॉल. बस."

मान डोलावून तो माझ्याकडे वळला. "और आपके घर का इन्हें क्या दिखाना है?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या घरातलं काहीही बाबांना दिसू नये असंच मला वाटतंय, हे त्या क्षणी कळलं.

"तुझं फाटक तेवढं दिसू दे," बाबाच म्हणाले. "तू घरी पोचलास की कळेल मला."