हाकेला येणारा बटण

बटण घरात आला तो भाचीच्या हट्टापायी, आणि काही महिन्यांतच ताईच्या गळ्यात पडला. तोवर भाचीला गिटार हवं झालं होतं. पिल्लू असेतो तो नुसता कापसाचा गोळा होता. मग त्याला दात आले, आवाज आला, स्वतःची मतं आली. सगळ्यांनी त्याच्यावर पाणी सोडलं. ताईनं नाही सोडलं. स्वयंपाकघरामागची तिची खोली म्हणजे वॉशिंग मशीन, इस्त्रीचं टेबल आणि त्यांच्यामध्ये बसवलेली एक खाट. तिथं काम नसताना येणारा असा घरात तो एकटाच होता.

ताई ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या बाजूला शिवणयंत्रावर बसे. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, सुटलेल्या पोटांसाठी कमरा उसवून देणं. आईच्या आजारपणात तिचं लग्नाचं राहून गेलं. पुढे आई गेली, घर विकलं गेलं आणि ताई थोड्या दिवसांसाठी म्हणून धाकट्या बहिणीकडे आली. ते थोडे दिवस अजून चालूच होते.

बटण टेरियर होता. या जातीचे कुत्रे पूर्वी उंदीर-घुशींच्या मागे बिळात शिरायला पाळत. बिळातल्या अंधारात मालकाला विचारायची सोय नसते; काय ते स्वतःच ठरवायचं. तो स्वभाव बटणमध्ये पुरेपूर उतरला होता. घरात शहाणा, पण मैदानावर पट्टा सुटला की त्याचे कान फक्त शोभेला उरत.

एकदा तो मांजरामागे रस्त्यावर धावला आणि एक सायकलवाला पडला. खरचटण्यावर निभावलं, पण मेहुण्यांची चारचौघांत शोभा झाली. त्या संध्याकाळी जेवताना ते शांतपणे म्हणाले, "माझं म्हणणं साधं आहे. बोलावल्यावर येत नसेल, तर तो या घरात राहणार नाही."

ताईनं आमटीचा डाव खाली ठेवला आणि विचारलं, "आणि यायला लागला तर?"

"तर राहील की. मी काय त्याचा वैरी आहे?"

तेवढं वाक्य धरून ताई कामाला लागली.

तो का येत नाही, हे तिला फार विचार न करता कळलं होतं. घरात दिवसभर त्याच्या नावाचा धोशा असे. चप्पल चावली, बटण. सोफ्यावर चढला, बटण. आंघोळीला ओढायचं, बांधून ठेवायचं, पाहुण्यांसमोरून हाकलायचं, तरी बटणच. हाक ऐकून गेल्यावर काहीतरी वाईटच व्हायचं असेल, तर कुठला शहाणा जीव जाईल? ताईला स्वतःला घरातल्या हाका ओळखता येत होत्या. ती जायची, एवढाच फरक.

म्हणून तिनं नवा शब्द निवडला. दुकानात कपडा शिवून झाला की तो काउंटरकडे सरकवत ती 'तयार' असं ओरडत असे. हा शब्द घरात कुणी तिच्यासारखा म्हणत नव्हतं, त्यामुळे तो अजून कोराच होता. खिशात उकडलेल्या कलेजीचे बारके तुकडे ठेवायचे, 'तयार' म्हणायचं आणि आला की तुकडा द्यायचा. आधी खोलीत, मग जिन्यात, मग मैदानावर. मैदानासाठी तिनं दुकानातल्या उरलेल्या पट्ट्या जोडून लांबच लांब दोरी शिवली, टोकाला दुहेरी टीप मारून.

तो आला की ती त्याला बांधत नसे. तुकडा देई, कान चोळी आणि पुन्हा मोकळा सोडी. येणं म्हणजे खेळ संपणं नव्हे, हे त्याच्या डोक्यात बसायला हवं होतं. आला नाही तर ती त्याच्यामागे धावत नसे. उलट पाठ फिरवून दुसऱ्या दिशेला पळत सुटे. गुडघे धरलेली, ओढणी कमरेला खोचलेली बाई अशी पळताना पाहून फेऱ्या मारणाऱ्या म्हाताऱ्यांची करमणूक होई.

"अहो बाई, कुत्रा तिकडे आहे," एकानं सांगितलं.

"त्याला माहीत आहे," ताई धापा टाकत म्हणाली. तोवर बटण तिला गाठून पुढेही गेला होता.

उन्हाळा सरता सरता दोरीची गरज उरली नाही. कबुतरं असोत, दुसरी कुत्री असोत, ताईच्या शब्दावर तो जागच्या जागी वळे आणि कान मागे टाकून असा येई, की जणू कुणी त्याला तिच्याकडे फेकलंच आहे. दुकानातल्या पोरी म्हणत, हल्ली ताई शिवताना गुणगुणतात.

एका रविवारी तिनं घरच्यांना मैदानावर नेऊन दाखवलं. बटण पार टोकाच्या भिंतीशी माती उकरत होता. एक हाक, आणि तो ताईच्या पायाशी. मेहुणे खरंच चकित झाले. त्यांनी तिला पुन्हा हाक मारायला लावून फोनवर चित्रण केलं. "मानलं तुम्हाला, ताई," म्हणाले. त्या दिवशी ताईनं बटणसाठी जुन्या कोटाच्या अस्तराची गादी शिवायला घेतली.

ते चित्रण मेहुण्यांनी ऑफिसात दाखवलं. त्यांच्या साहेबांचा कुत्रा नुकताच म्हातारपणानं गेला होता आणि घरात सगळे हिरमुसले होते. साहेबांनी दोनदा पाहिलं आणि म्हणाले, असा कुत्रा नशिबानं मिळतो. मेहुण्यांची बढती लोंबकळत होती. त्यांनी तिथल्या तिथे कुत्रा देऊन टाकला.

ताईला हे धाकटीनं सांगितलं, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना, तिच्याकडे न बघता. साहेबांचं घर मोठं आहे, बाग आहे, त्याचंच कल्याण होईल, वगैरे.

"तो माझा आहे," ताई म्हणाली.

"तुझा कसा? आणला आम्ही." धाकटीनं एक टॉवेल पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. "सगळंच काय धरून बसतेस, ताई? तू तरी इथं..."

वाक्य तिनं पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही नव्हती.

साहेब न्यायला मैदानावरच आले. त्यांना प्रत्यक्ष पाहायचं होतं. येताना नवा, कातडी पट्टा घेऊन आले होते. हाक मारायचीच नाही, असं ताई ठरवून आली होती. तो आला नाही की साहेबांचं मन उडेल. पुढचं पुढे.

मेहुण्यांनी बटणला मोकळा सोडला. साहेबांनी बटण, बटण करत चुटक्या वाजवल्या. बटणनं मान वळवून पाहिलं आणि तो चालू लागला. मेहुण्यांनी ओरडून नाव घेतलं, तसा तो पळायला लागला. मग त्यांना शब्द आठवला. "तयार! ए, तयार!" बटण थबकला. शब्द ओळखीचा होता, पण आवाजात नेहमीचा राग होता. त्यानं शेपूट घातली आणि भिंतीला पडलेल्या भगदाडाकडे धूम ठोकली. भगदाडापलीकडे मोठा रस्ता होता. ट्रकचा भोंगा ऐकू आला.

ताईनं हाक मारली.

तो भगदाडाच्या तोंडाशी वळला. कान मागे टाकून, सगळं मैदान कापत, थेट तिच्या पायाशी. तिनं खिशातली सगळी कलेजी तळहातावर काढून त्याच्यापुढे धरली. तो खात असतानाच साहेबांनी वाकून पट्टा अडकवला.

खाऊन झाल्यावर बटण तिच्याकडे बघत उभा राहिला. आता मोकळं सोडतील, अशी त्याची खात्री होती. साहेबांनी ओढलं तेव्हा तो पाय रोवून फरफटत गेला; शेवटी त्यांनी त्याला उचललाच. रागावून बोलावू नका त्याला, असं ताई म्हणाली. साहेब फोनवर होते. त्यांनी मान हलवली, पण ती फोनवरच्या माणसासाठी असावी.

परतताना गाडीत मेहुणे खुशीत होते. ते सांगत होते, साहेबांच्या मेहुण्याकडेही टेरियरचं पिल्लू आहे, कुणाचं म्हणून ऐकत नाही. आपण हो म्हणून टाकलंय, पुढच्या आठवड्यात ताईंकडे शिकवायला आणून सोडतील. धाकटी पुढच्या सीटवरून मागे वळली. "बरं झालं. तुझंही मन रमेल, ताई."

ताई ओढणीला लागलेली बटणची लव एकेक करून वेचत होती. वेचलेली कुठे टाकावी हे न सुचून तिनं मूठ मिटली.

"आणू देत," ती म्हणाली. "खायला घालीन, फिरवीन. पण हाक मारल्यावर यायला मी त्याला शिकवणार नाही."

मेहुणे मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं, ताई गंमत करताहेत.